झाशीचा खेळाडू आणि त्याची निद्राहीन रात्र

मुंबईहून दिल्लीकडे जाणारी आगगाडी झाशीच्या स्थानकात शिरू लागली, की मराठी प्रवाशाचे डोळे नकळत किल्ला शोधू लागतात. आम्हांपैकी जे महाराष्ट्राबाहेर वाढले, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. बुंदेलखंडाच्या या खडकाळ मुलखात आपल्या भाषेची, आपल्या नात्याची एक खूण उभी आहे, ही जाणीव परप्रांतात राहणाऱ्यास मोठी धीर देणारी असते. परंतु याच शहरात आणखी एक टेकडी आहे आणि तिच्यावर हातात हॉकीची काठी घेतलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. राणीच्या नावापुढे त्याचे नाव घेण्यास आम्ही मराठी लोक थोडे बिचकतो. तथापि झाशीच्या रहिवाशास विचारले, तर तो दोन्ही नावे एकाच अभिमानाने सांगेल. ते दुसरे नाव म्हणजे मेजर ध्यानचंद.

ध्यानचंदांच्या गोलांचा हिशेब मांडणे हा या लेखाचा हेतू नाही. ते काम पुष्कळांनी केले आहे. आम्हांस आज निराळाच प्रश्न पडला आहे. चढाओढीत उतरणाऱ्या खेळाडूचे शरीर आपण पाहतो, मोजतो, वाखाणतो. पण त्याच्या मनाचे काय होते? जिंकण्यापूर्वीच्या रात्री त्याला झोप लागते काय? हरल्यावर तो कोणाच्या खांद्यावर मान टेकतो? आणि टाळ्या थांबल्यानंतर, पुढची तीस-चाळीस वर्षे, तो कशाच्या आधारावर जगतो? अलीकडे या विषयास 'मानसिक स्वास्थ्य' असे नाव मिळाले आहे. शब्द नवा वाटला, तरी 'स्वास्थ्य' याचा मूळ अर्थ 'स्व'मध्ये स्थित असणे असाच आहे. खेळाडू स्वतःमध्ये स्थिर केव्हा असतो आणि त्या स्थानावरून केव्हा ढळतो, हे पाहण्यास झाशीइतकी उत्तम जागा आम्हांस दुसरी दिसत नाही.

प्रथम थोडे मागे जाऊ. १७४२ साली नारो शंकर याच्याकडे झाशीचा कारभार आला आणि तेथे मराठ्यांचे बस्तान बसले. पुढे नेवाळकर घराण्याने तो मुलूख सांभाळला. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर, १८५४ साली, कंपनी सरकारने ते राज्य खालसा केले. या मराठी झाशीचे जिवंत चित्र आम्हांस ज्या पुस्तकात सापडते, ते म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीत द्रव्यार्जनासाठी घर सोडून निघालेला हा भिक्षुक ब्राह्मण झाशीच्या वेढ्यात सापडला आणि वाचून परत आला. त्याने लिहिलेली हकीकत १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केली. लढाईच्या वर्णनाबरोबरच त्यात राणीच्या दिनचर्येची हकीकत आहे. बाईसाहेबांस शरीरकसरतीचा मोठा नाद होता, त्या पहाटे उठून मल्लखांब करीत व घोड्यावर रपेट करीत, असे गोडसे सांगतात. यात नवल नाही. लक्ष्मीबाईंचे बालपण ब्रह्मावर्तास, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाने गेले होते, आणि मल्लखांबाची विद्या ज्यांनी पुन्हा नावारूपास आणली ते बाळंभटदादा देवधर त्याच बाजीरावांच्या पदरचे होते.

या जुन्या व्यायामपरंपरेत 'मन' हा स्वतंत्र विषय नव्हता. पण त्याची व्यवस्था मात्र होती. तालमीत उतरणारा पोरगा आधी लाल मातीस हात लावून तो कपाळी नेतो. मारुतीच्या मूर्तीपुढे डोके टेकवतो. वस्तादाच्या पायांस हात लावल्याशिवाय हौद्यात पाय घालीत नाही. एकाच तालमीत खाणे, झोपणे, अंग रगडणे आणि एकमेकांस पाडणे चालते. सकाळी ज्याने आपल्याला चीत केले, तोच दुपारी आपल्या थाळीशेजारी जेवावयास बसतो. त्यामुळे पराभव हा घरातला प्रकार होऊन जातो, त्याचे भय राहत नाही. वस्ताद पोराच्या मनाची नाडी ओळखतो. कोणास चढवावयाचे, कोणास दोन दिवस कुस्तीच द्यावयाची नाही, कोणास गावी आईकडे पाठवून द्यावयाचे, हे त्याला कळते. आजच्या शास्त्राने ज्या गोष्टींस मोठमोठी नावे दिली आहेत, त्यांतल्या कित्येक या व्यवस्थेत न बोलता सामावलेल्या होत्या. अर्थात ती व्यवस्था निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. तेथे दुःख बोलून दाखविणे हा बाईलपणा समजला जाई, आणि जी राणी पहाटे मल्लखांब करीत होती तिच्या नंतरच्या मुलींस त्या हौद्याची पायरी बंदच होती.

आता ध्यानचंदांकडे वळू. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबादेस झाला. वडील सैन्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण सहा इयत्तांपलीकडे गेले नाही. पुढे कुटुंब झाशीस स्थायिक झाले आणि झाशी हेच त्यांचे घर ठरले. १९२२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते साधे शिपाई म्हणून फर्स्ट ब्राह्मण पलटणीत भरती झाले. तोपर्यंत हॉकीशी त्यांचा म्हणण्यासारखा संबंध नव्हता. पलटणीतले सुभेदार-मेजर बाळे तिवारी यांनी त्यांना हा खेळ शिकविला. दिवसाची कामगिरी आटोपल्यावर ते चांदण्यात एकटेच चेंडू घोळवीत बसत व त्यावरून ध्यानसिंगांचे 'ध्यानचंद' झाले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात एक मर्म आहे. खेळाडूच्या आयुष्याचा पाया अशा वेळी घातला जातो, जेव्हा पाहणारा कोणी नसतो. चेंडू आणि काठी यांच्यातला तो एकांतातला आनंद ज्याने मनसोक्त भोगला आहे, त्याला पुढे प्रेक्षकांची गर्दी सहसा गिळून टाकीत नाही.

१९२६ साली भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. तेथे २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले व केवळ १ हरला. परत आल्यावर ध्यानचंदांस लान्स नाईक ही बढती मिळाली. त्यानंतर दोन वर्षांनी ऑलिंपिकसाठी भारताचा पहिला हॉकी संघ निघाला. निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्याला ३-२ असे हरविले. त्यामुळे म्हणा, की हॉकीची महती लोकांस ठाऊक नव्हती म्हणून म्हणा, मुंबईच्या धक्क्यावर या संघास निरोप देण्यास अवघी तीन माणसे आली होती. ॲम्स्टरडॅम येथे हा संघ पाच सामने खेळला. त्याने २९ गोल केले आणि एकही गोल स्वीकारला नाही. त्यांपैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. २६ मे १९२८ च्या अंतिम सामन्यापूर्वी संघातले काही उत्तम गडी आजारी होते आणि खुद्द ध्यानचंदांच्या अंगात ताप होता. तरी हॉलंडचा ३-० असा पराभव झाला. परतल्यावर मात्र त्याच मुंबईच्या धक्क्यावर लोकांची झुंबड उडाली.

जाताना तीन माणसे आणि येताना अफाट समुदाय, हे दृश्य वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. चढाओढीच्या खेळाचे सारे मानसशास्त्र त्यात साठविलेले आहे. लोकांचे प्रेम विजयानंतर येते आणि पराभवानंतर जाते. ज्या खेळाडूने आपली स्वतःविषयीची किंमत या प्रेमावरच ठरविली, तो कायमचा परावलंबी झाला. ज्याच्यापाशी आणखी काही आहे, म्हणजे पलटण आहे, गाव आहे, सोबती आहेत, चांदण्यातला तो एकांत आहे, तो या भरती-ओहोटीत टिकून राहतो.

ध्यानचंदांपाशी असे काही होते आणि ते झाशीत होते. येथील 'झाशी हीरोज' हा त्यांचा आवडता क्लब. १९३३ साली या क्लबाने कलकत्त्याची मानाची बेटन करंडक स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात कलकत्ता कस्टम्सचा पराभव झाला. तोपर्यंत ध्यानचंदांच्या नावावर दोन ऑलिंपिक सुवर्णपदके जमा झाली होती. दुसरे पदक १९३२ साली लॉस एंजेलिस येथे मिळाले. तेथे अमेरिकेवर २४ गोल चढले आणि त्यांत धाकटे बंधू रूपसिंग यांचे १० व ध्यानचंदांचे ८ होते. असे असूनही, आपल्या आयुष्यातला सर्वोत्तम सामना कोणता, याचे उत्तर त्यांनी दिले ते कलकत्त्याच्या या क्लबसामन्याचे नाव घेऊन. आम्हांस हे उत्तर फार बोलके वाटते. जगाने ज्या सामन्यांस मोठे म्हटले, त्यांपेक्षा आपल्या गावच्या पोरांबरोबर, अटीतटीने, एका गोलाच्या फरकाने जिंकलेला सामना त्यांच्या मनात वर राहिला. २४ गोलांचा विजय कोशात जाऊन बसतो. आपल्या माणसांबरोबर, तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजून मिळविलेले एका गोलाचे यश मनात राहते.

परंतु याच माणसाच्या आयुष्यात एक निद्राहीन रात्र आहे आणि या लेखाचे सारे प्रयोजन तिच्यात आहे. १९३६ साली बर्लिनला जाणाऱ्या संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. वयाची तिशी उलटली होती. जाण्यापूर्वी, १६ जून रोजी, दिल्लीच्या संघाने त्यांच्या संघास ४-१ असे हरविले. कर्णधाराच्या मनात तेथेच पहिली पाल चुकचुकली. बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलै रोजी जर्मनीशी सरावाचा सामना झाला, आणि त्यातही हार झाली. गोलांचा हिशेब पुन्हा ४-१ हाच! सामना सरावाचा होता, त्याची नोंद ऑलिंपिकच्या तक्त्यात होणार नव्हती. तथापि १९२८ पासून अजिंक्य म्हणविणाऱ्या संघाचा आपल्याच कारकिर्दीत घात होणार की काय, या विचाराने ध्यानचंदांस त्या रात्री झोप आली नाही. 'गोल' या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या पराभवाचा सल उघडपणे सांगितला आहे. हे पुस्तक १९५२ सालचे. सैनिकी बाण्याच्या, मितभाषी आणि जगज्जेत्या माणसाने आपली भीती अशी छापील शब्दांत मांडावी, हे त्या काळी थोडे नव्हते.

त्या रात्रीनंतर त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या गड्यांस दोष दिला नाही व दैवासही दिला नाही. दुबळी जागा कोठे आहे हे संघाने शोधले आणि हिंदुस्थानात तार करून दारा या खेळाडूस बोलावून घेतले. दारा विमानाने येऊन फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यापासून खेळला. मधल्या काळात हंगेरीवर ४, अमेरिकेवर ७, जपानवर ९ असे गोल चढले, आणि फ्रान्सवर १०. एकही गोल अंगावर आला नव्हता. अंतिम सामना पुन्हा जर्मनीशीच होता, त्यामुळे जुने भय पुन्हा जागे झाले. पावसामुळे तो एक दिवस पुढे ढकलला गेला. १५ ऑगस्ट १९३६ च्या सकाळी, मैदानावर जाण्यापूर्वी, संघाचे एक अधिकारी पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. सर्वांनी त्याला प्रणाम केला आणि मग ते मैदानावर उतरले. पूर्वार्धात एकच गोल झाला. मैदान ओले होते. उत्तरार्धात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले आणि पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे: ८-१ असा विजय. त्या स्पर्धेत भारतावर झालेला एकमेव गोल हाच.

या घटनेतून खेळाडूच्या मनाविषयी तीन गोष्टी आम्हांस दिसतात. एक, चिंता ही दुर्बळांचीच मक्तेदारी नसते. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूसही ती सोडीत नाही. दोन, चिंतेस कामाला लावता येते. ती रात्र तशीच कुढण्यात गेली असती तर वाया गेली असती, परंतु तिच्यातून एक तार निघाली आणि संघाची उणीव भरून आली. तीन, अत्यंत दडपणाच्या क्षणी माणसास आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी आधार लागतो. त्या खोलीत तो आधार म्हणून एक ध्वज आला, आणि अकरा जणांच्या अकरा भीती एका ओझ्यात बांधल्या जाऊन हलक्या झाल्या.

सहज सांगावयाचे, तर त्याच बर्लिनमध्ये त्याच वर्षी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही गेले होते आणि मल्लखांब, कबड्डी असे आपले खेळ त्याने तेथे करून दाखविले. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या मंडळाच्या पथकास कोणतेही पदक मिळवावयाचे नव्हते. एकाच शहरात एकाच उन्हाळ्यात खेळाची दोन रूपे होती: चढाओढीचे आणि केवळ प्रावीण्याचे. पहिल्याने रात्रीची झोप उडते, दुसऱ्याने बहुधा येते. आमच्या मते निरोगी खेळाडूच्या जीवनात दोहोंस जागा हवी.

पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी या विषयाचा पद्धतशीर विचार थोडा आधीच सुरू केला होता. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. एकट्याने पळविण्यापेक्षा चढाओढीत सायकल अधिक वेगाने जाते, असे त्याला आढळले. मग त्याने ४० मुलांस मासे धरण्याच्या गळाचे रीळ फिरवावयास लावले. चढाओढीने त्यांतली निम्मी मुले चपळ झाली, १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही आणि उरलेली १० मुले गोंधळून उलट मागे पडली. या शेवटच्या दहांची आठवण प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने ठेवावी असे आम्हांस वाटते. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवर प्रयोग केले. त्यांवरून पुढे असा सिद्धान्त रूढ झाला की, उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि ती ओलांडली की काम बिघडते. वीणेची तार सैल असली तर वाजत नाही, अति ताणली तर तुटते, हे आपल्याकडे कोणासही सांगावे लागत नाही. १९२५ साली इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ यांनी खेळाडूंच्या मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, आणि ती १९३२ साली बंद पडली. म्हणजे ध्यानचंदांच्या ऐन भराच्या काळातच एक शास्त्र जन्मास येऊन झोपी गेले! पुढे १९६५ साली रोम येथे या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि त्याला पुन्हा चालना मिळाली.

नंतरच्या काळात विल्यम मॉर्गन यांनी यशस्वी खेळाडूंच्या मनःस्थितीचे जे चित्र रेखाटले, त्याला हिमनगाची उपमा देतात. ताण, खिन्नता, राग, थकवा आणि गोंधळ हे पाचही पाण्याखाली, म्हणजे सामान्य माणसाहून कमी, आणि उत्साह तेवढा वर. कॅरोल रिफ या विदुषीने १९८९ साली मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे सांगितली: स्वतःचा स्वीकार, इतरांशी प्रेमाचे संबंध, स्वतःच्या बुद्धीने चालणे, परिस्थितीवर पकड, जीवनास हेतू आणि सतत वाढत राहणे. या सहांपैकी एकाही अंगास पदकाची अट नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पदक मिळूनही माणूस यांत दरिद्री असू शकतो. बीजिंग येथे १९२८ च्या ऐंशी वर्षांनंतर, म्हणजे २००८ साली, भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनी पुढे सांगितले आहे की, त्या विजयानंतर त्यांना मोठी पोकळी जाणवली. ज्या एका दिवसासाठी सारे आयुष्य रचले, तो दिवस मागे पडल्यावर उद्या कशासाठी उठावयाचे?

आमच्या मराठी घरातली दोन उदाहरणे सांगून पुढे जाऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले. पुढच्या खेपेस हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता; कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवल्याचे सांगतात. १९५२ च्या त्या स्पर्धेत एका कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना दुसरीसाठी उभे केले गेले आणि त्यांची बाजू मांडण्यास आपला अधिकारी तेथे नव्हता. तरीही खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्या कुस्तीच्या वेळी बाजूस कोणी उभे नसणे, ही बाब आम्ही फार महत्त्वाची मानतो. खेळाडूचे मन मोडते ते प्रतिस्पर्ध्यापुढे क्वचित. आपल्यासाठी बोलणारा कोणी नाही हे कळते तेव्हा ते खचते.

दुसरे उदाहरण झाशीपासून जवळच, ग्वाल्हेरचे आहे. रूपसिंग ग्वाल्हेर दरबारच्या सैन्यात होते आणि त्या शहरातल्या मैदानास त्यांचेच नाव दिले आहे. त्या मैदानावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय क्रिकेटमधले पुरुषांचे पहिले द्विशतक काढले. या तेंडुलकरांनी २०२१ साली जाहीरपणे सांगितले की, कारकिर्दीतली दहा-बारा वर्षे सामन्याच्या आदल्या रात्री त्यांना झोप येत नसे. पुढे त्यांनी ही अस्वस्थता तयारीचाच एक भाग म्हणून स्वीकारली. चहा करणे, कपड्यांना इस्त्री करणे, बॅग भरणे अशा साध्या कामांनी ते मन शांत करीत. बर्लिनमधली ध्यानचंदांची रात्र आणि मुंबईच्या या खेळाडूच्या शेकडो रात्री यांत सत्तर वर्षांचे अंतर आहे. परंतु रात्र तीच आहे. फरक इतकाच की, आज ती बोलून दाखविण्यास लोक थोडे कमी लाजतात. २०२१ साली टोकियो येथे अमेरिकेच्या सिमोन बाइल्स हिने, मन व शरीर यांचा मेळ तुटला म्हणून, ऐन स्पर्धेतून माघार घेतली. पुष्कळांनी तिला भित्री म्हटले. २०२४ साली पॅरिस येथे तिने तीन सुवर्णपदके मिळविली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही २०१९ साली आपल्या तज्ज्ञांकरवी, खेळाडूचे मानसिक आरोग्य शारीरिक आरोग्याइतकेच जपावे, असे निवेदन प्रसिद्ध केले. तालमीत ज्यास 'बाईलपणा' म्हणत, त्याचे उत्तर एका बाईनेच दिले, हा काव्यमय न्याय म्हणावयास हवा.

आता शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न राहिला. टाळ्या थांबल्यावर काय? ध्यानचंद १९५६ साली सैन्यातून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी काही काळ हॉकी शिकविली आणि मग ते झाशीस परतले. उतारवयात पैशाची ओढाताण होती आणि लोकांचे येणे-जाणेही कमी झाले होते. वडिलांनी आम्हां भावांस हॉकी खेळण्यापासून परावृत्त केले होते आणि त्यामागे आर्थिक असुरक्षितता होती हे आम्हांस पुढे उमगले, असे त्यांचे चिरंजीव अशोककुमार यांनी सांगितले आहे. ज्या खेळाने बापाला जगाचा राजा केले, तो खेळ मुलाने खेळू नये असे बापास वाटावे, याहून कठोर टीका आमच्या समाजावर दुसरी कोणती असणार? अशोककुमारांनी मात्र काठी सोडली नाही. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा विजयी गोल त्यांचाच. ३ डिसेंबर १९७९ रोजी ध्यानचंद दिल्लीच्या इस्पितळात वारले. त्यांचे दहन कोणत्याही राजधानीत झाले नाही. देह झाशीस आणला गेला आणि ज्या हीरोज मैदानावर ते आयुष्यभर खेळले, तेथेच त्यास अग्नी दिला गेला.

त्यानंतर मान पुष्कळ आले. २०१२ पासून २९ ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडादिन म्हणून पाळला जातो आणि २०२१ साली खेलरत्न पुरस्कारास त्यांचे नाव दिले गेले. हे योग्यच झाले. तथापि आम्हांस असे वाटते की, मेलेल्या खेळाडूस नाव देणे सोपे असते. जिवंत, म्हाताऱ्या, हरलेल्या खेळाडूच्या दारात जाऊन बसणे अवघड असते. मुंबईच्या धक्क्यावर आलेली ती तीन माणसे आम्हांस म्हणूनच फार मोठी वाटतात. विजयानंतरच्या गर्दीत कोणीही सामील होतो. जे निघताना आले, त्यांनी खेळाडूस सांगितले की, तू काय घेऊन येतोस यावर आमचे येणे अवलंबून नाही. मानसिक स्वास्थ्याचे शास्त्र कितीही वाढले, तरी त्याचे सार यापेक्षा निराळे असेल असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या घरातही आज कोणी पोर पोहत असेल, धावत असेल, बुद्धिबळाच्या पटावर बसत असेल, खो-खोच्या पाटीत उभे असेल. उद्या त्याचा सामना असेल आणि रात्री त्याला झोप लागत नसेल. अशा वेळी त्याला शौर्याच्या गोष्टी सांगण्याची घाई करू नये. दिवा लावून त्याच्याजवळ बसावे. ध्यानचंदांनाही एकदा झोप आली नव्हती, एवढे त्याला सांगावे. आणि परत येताना तो जिंकून येवो वा हरून, स्थानकावर आपण असू, हे त्याला न सांगताही कळावे, असे वागावे.